उन्हाळी नाट्य अभ्यासक्रम: सहा आठवड्यांत प्रत्यक्ष काम करून नाटक किती शिकता येतं?

शाल्मली

नमस्कार. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र. शाळेपासून नाटकात काम करतेय. आमच्या विद्यापीठाचा नाट्यविभाग सुट्टीत सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम घेतो आणि इतर शाखांच्या विद्यार्थ्यांनाही तो खुला आहे. सकाळी आवाज आणि शरीराचे व्यायाम, दुपारी नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा किंवा रंगमंच व्यवस्थापन यांपैकी नेमून दिलेलं काम, संध्याकाळी तालीम. शेवटच्या आठवड्यात प्रेक्षकांसमोर प्रयोग.

मला अभिनय शिकायचाय. दुपारचा सगळा वेळ फळ्या कापण्यात आणि दिवे टांगण्यात जाणार असेल तर अभिनयाला उरणार काय? घरचे म्हणतात, तेवढ्या वेळात चांगली पुस्तकं वाच, नाटकं बघ. मित्रमंडळी म्हणतात, अभ्यासक्रम कशाला, सरळ एखाद्या नाटकात घुस. ज्यांनी असे अभ्यासक्रम केलेत किंवा शिकवलेत त्यांचं मत हवंय.

विंगेतून

शाल्मली, मी असे वर्ग बरीच वर्षं घेतोय, त्यामुळे माझं मत उघडच तुझ्या प्रवेशाच्या बाजूने आहे. पण तुझ्या प्रश्नातल्या एका गोष्टीवर आधी बोलतो: दुपारचं काम म्हणजे अभिनयातून कापलेला वेळ, हा हिशेब.

प्रकाशाचंच घे. चेहऱ्यावर दिवा कुठून टाकायचा याची एक पद्धत येल विद्यापीठात शिकवणाऱ्या स्टॅनले मॅककँडलेस यांनी १९३२ साली लिहून ठेवली आणि आजही जगभर नवशिक्यांना तिथूनच सुरुवात करून देतात. रंगमंचाचे छोटे छोटे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागावर समोरून, डावी-उजवीकडून साधारण ४५ अंशांत दोन दिवे टाकायचे. एक उबदार रंगाचा, दुसरा थंड. त्यामुळे चेहऱ्याला उठाव येतो, तो सपाट दिसत नाही. आता शिडीवर चढून तू स्वतः असे दिवे लावलेस, खाली उभ्या असलेल्या मुलाला 'अर्धं पाऊल पुढे ये, आता चेहरा उजळला' असं सांगितलंस, की रंगमंचावर आपली जागा का सोडायची नाही हे तुला कायमचं कळतं. हीच गोष्ट दिग्दर्शक तालमीत पुन्हा पुन्हा ओरडून सांगतो आणि नटाच्या डोक्यात ती शिरत नाही, कारण त्याने प्रकाश कधी बाहेरून पाहिलेलाच नसतो.

वेशभूषेचंही तेच. एखाद्या पात्राचा अंगरखा स्वतः शिवला, त्याचं वजन हातात घेतलं, की त्या पात्राची चाल बदलते. भरतमुनींनी अभिनयाचे चार प्रकार सांगितले: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. वेश, अलंकार, रंगभूषा हे सगळं आहार्यात येतं. म्हणजे ही परंपरा पोशाखाला अभिनयातच मोजते. आपण मात्र वर्ग लावताना आहार्य बाजूला काढतो आणि उरलेल्याला अभिनय म्हणतो.

आता उन्हाळ्याबद्दल. आधुनिक रंगभूमीचा इतिहास चाळलास तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसेल: मोठी कामं उन्हाळ्यात, शहराबाहेर, एकत्र राहून सुरू झाली. १८९८ साली मॉस्को आर्ट थिएटरचा पहिला हंगाम सुरू होण्याआधी तिथले दिग्दर्शक स्तानिस्लावस्की आपल्या नटसंचाला घेऊन मॉस्कोजवळच्या पुष्किनो इथे गेले आणि एका कोठारात तालमी केल्या. साफसफाई, व्यवस्था सगळं नटांनी पाळीपाळीने केलं. त्यातून स्वतः स्तानिस्लावस्कीही सुटले नाहीत. १९१३ साली फ्रेंच दिग्दर्शक झाक कोपो यांनी पॅरिसमध्ये आपलं नाट्यगृह उघडण्याआधी नटांना उन्हाळाभर खेड्यात नेलं. तालमींच्या जोडीला व्यायाम आणि मोठ्याने वाचन. १९३१ साली न्यूयॉर्कच्या ग्रुप थिएटरने २८ नटांसह कनेटिकटमधल्या ब्रुकफील्ड सेंटर या गावी उन्हाळा काढला आणि पुढे अमेरिकेत अभिनय कसा शिकवला जाईल, याची पायाभरणी बरीचशी तिथे झाली. विद्यार्थ्यांचं उदाहरण हवं असेल तर १९२८ साली मॅसॅच्युसेट्समध्ये हार्वर्ड-प्रिन्स्टनच्या मुलांनी पुढाकार घेऊन सुरू केलेली युनिव्हर्सिटी प्लेयर्स ही उन्हाळी मंडळी बघ. पुढे नावाजलेला अमेरिकन नट हेन्री फोंडा तिथे घडला.

असं का होतं? सलगतेमुळे. आठवड्यातून दोनदा दोन तास भेटलं की प्रत्येक वेळी पहिला अर्धा तास पुन्हा ओळख करून घेण्यात जातो. रोज सकाळपासून रात्रीपर्यंत एकत्र असलात की आज जमलं नाही ते उद्या सकाळी ताजं असतानाच परत करून बघता येतं. तुझी मित्रमंडळी म्हणतात तसं नाटकात घुसून हे मिळत नाही. तिथे प्रयोगाची तारीख ठरलेली असते, तुला जे येतं तेच तुझ्याकडून करून घेतलं जातं आणि जे येत नाही ते झाकलं जातं.

तिसरी_घंटा

'जे येत नाही ते झाकलं जातं'. अगदी हेच. हौशी नाटकात मी कायम विनोदी नोकर केला. अभ्यासक्रमात पहिल्यांदा कोणीतरी मला गंभीर भूमिका दिली.

मोकळा_श्वास

मी आवाजाची शिक्षिका आहे. सकाळच्या सत्राबद्दल लिहिते, कारण सगळ्यात कंटाळवाणं तेच वाटतं आणि सगळ्यात जास्त उपयोगी तेच पडतं.

नव्या मुलांचा आवाज मोठा नसतो असं नाही. तो वाक्याच्या शेवटी पडतो. आणि मराठीत ते फार महागात जातं, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं. 'मी त्याला त्या रात्री दारातच' इतकं खणखणीत ऐकू येतं आणि 'अडवलं' की 'मारलं' की 'सोडलं' हे तिसऱ्या रांगेपलीकडे पोचतच नाही. वाक्याचा सगळा अर्थ तिथे असतो. छाती वर उचलून घेतलेला श्वास लवकर संपतो, म्हणून शेवटचा शब्द उपाशी राहतो. श्वास पोटाकडे, बरगड्यांच्या खालच्या भागात घ्यायला शिकलं की तो पुरतो. हे मी तुला इथे चार ओळींत सांगितलं आणि तुला समजलंही असेल, पण शरीराला ते समजायला रोजची सवय लागते. सलग काही आठवडे रोज सकाळी केलं तर बदल कानाला ऐकू येतो. आठवड्यातून एकदा केलं तर नाही येत.

दुसरी गोष्ट उच्चारांची. ण आणि न, ळ आणि ल, 'चमचा' मधला च आणि 'चहा' मधला च. बोलीत आपण कसेही बोलतो आणि बोली ही नटाची दौलतच आहे, ती पुसून टाकायला सांगणाऱ्या शिक्षकापासून दूर राहा. पण कुठलं पात्र कसं बोलेल हे ठरवून निवडता आलं पाहिजे. त्यासाठी स्वतःची जीभ कुठे टेकते हे माहीत हवं.

घरचे म्हणतात ती पुस्तकंही वाच. फक्त संहिता मनात वाचू नकोस, मोठ्याने वाच.

प्रॉम्प्टर

मला दुपारी रंगमंच व्यवस्थापन नेमून दिलं होतं. तेव्हा वाईट वाटलं होतं. आता गेली काही वर्षं तेच काम करतोय आणि दुसरं काही करावंसं वाटत नाही, म्हणून या कामाची बाजू मांडतो.

व्यवस्थापकाची एक वही असते. एका पानावर संहिता, समोरच्या पानावर नटांच्या हालचाली, दिव्यांचे आणि आवाजाचे क्यू, म्हणजे कधी काय बदलायचं त्याच्या खुणा. कोणत्या शब्दावर दिवा बदलणार, तो शब्द अधोरेखित. प्रयोगात हेडसेटवरून आधी 'स्टँडबाय' (तयार राहा) म्हणायचं, समोरून उत्तर आलं की नेमक्या क्षणी 'गो'. एक शिस्त पहिल्याच दिवशी शिकवतात: 'गो' हा शब्द हेडसेटवर दुसऱ्या कुठल्याही वाक्यात वापरायचा नाही, कारण तो कानावर पडला की दिव्यावरचा माणूस बटण दाबतो. नटाच्या श्वासाबरोबर आपण श्वास घेतो तेव्हाच 'गो' बरोबर जागी पडतो. त्यामुळे मला प्रत्येकाच्या भूमिकेतले थांबे त्यांच्याइतकेच पाठ असतात. अभिनय शिकायला यापेक्षा चांगली जागा कुठली ते मला सांगा.

सुरक्षिततेबद्दलही लिहितो, कारण ते गंभीर आहे. १९०३ च्या डिसेंबरात शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरमध्ये दिव्याच्या ठिणगीने पडद्याला आग लागली. आग अडवणारा पडदा मध्येच अडकला, बाहेर पडायचे कितीतरी दरवाजे उघडेनात. ६०० हून जास्त माणसं गेली. बाहेरच्या बाजूला उघडणारे दरवाजे, ढकलताच उघडणारी कडी, दारांवरच्या ठळक खुणा या गोष्टींचा आग्रह या दुर्घटनेनंतर वाढला. दिव्याला दुसरी साखळी का लावायची, विंगेतली वाट मोकळी का ठेवायची, लेव्हलच्या (रंगमंचावरच्या उंच चौथऱ्याच्या) कडेला अंधारात चमकणारी पट्टी का चिकटवायची, हे ज्याने स्वतः केलंय तो नट रंगमंचावर बेफिकीर वागत नाही.

अभ्यासक्रम निवडताना हे नक्की विचार: शिडीवर आणि करवतीवर मुलांना सोडण्याआधी कोण शिकवतं आणि शेजारी कोण उभं असतं?

अर्धा_पडदा

सगळं पटतंय, एक सोडून. शेवटचा प्रयोग.

मी स्वतः शिकलोय आणि शिकवलंयही, आणि माझं ठाम मत आहे की सहा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला शेवटी प्रयोग जोडला की शिकणं चौथ्या आठवड्यात थांबतं. तिथून पुढे सगळे पाठांतर, पडदे आणि पाहुण्यांच्या मागे लागतात. ज्याला संवाद चटकन पाठ होतात त्याला मोठी भूमिका मिळते आणि जो लाजतोय, ज्याला खरं तर शिकायची गरज आहे, तो भाला घेऊन मागे उभा.

अमेरिकन नाट्यशिक्षिका व्हायोला स्पोलिनचं काम आठवा. शिकागोत ती स्थलांतरितांच्या मुलांबरोबर नाटक करत होती. नुसत्या सूचना देऊन भागेना, म्हणून तिने खेळ तयार केले. प्रत्येक खेळात लक्ष एकवटायला एकच अडचण: समोरच्याची हालचाल आरशासारखी करा, नसलेली वस्तू हाताळा, आपण कुठे आहोत ते न सांगता दाखवा. तिचा मुख्य मुद्दा असा की शाबासकी आणि नापसंती या दोन्हींच्या धाकात माणूस मोकळा राहत नाही. १९५९ मध्ये तिच्या मुलाने, पॉल सिल्सने, सहकाऱ्यांबरोबर सेकंड सिटी ही नाट्यमंडळी सुरू केली, आणि उत्स्फूर्त नाट्याची ती मोठी शाळाच ठरली. त्या सगळ्याच्या मुळाशी हे खेळ आहेत. प्रयोग म्हणजे शाबासकी आणि नापसंती एकदम. शिकणाऱ्याच्या डोक्यावर ते ओझं इतक्या लवकर का ठेवायचं?

विंगेतून

अर्धा_पडदा, भाल्याचा मुद्दा खरा आहे आणि तो अभ्यासक्रम घेणाऱ्यांचा दोष आहे. एका मोठ्या नाटकाऐवजी चार-पाच छोटे प्रवेश बसवले, प्रत्येक जण एकात मुख्य आणि दुसऱ्यात पडद्यामागे, तर तो बराचसा सुटतो.

पण प्रेक्षकच नको, हे मला मान्य नाही. थांबा किती घ्यायचा हे रिकाम्या खोलीत कळत नाही. हशा उठला की पुढचं वाक्य कधी घ्यायचं, हे हशा उठल्याशिवाय कसं शिकणार? हशा पूर्ण विरायच्या आत, उतरणीवर असताना वाक्य घ्यायचं असतं. हे आत्ता मी लिहिलंय म्हणून कोणाला करता येणार नाही.

वाद प्रेक्षक हवेत की नकोत असा नसून कसले प्रेक्षक हवेत असा आहे. जॉर्ज पिअर्स बेकर हार्वर्डमध्ये नाट्यलेखन शिकवायचे. पुढे मोठा नाटककार झालेला यूजीन ओनील १९१४-१५ मध्ये त्यांच्या वर्गात होता. वर्गात लिहिलेली नाटकं त्यांच्या '४७ वर्कशॉप' मध्ये उभी राहायची. प्रेक्षक निमंत्रित असायचे आणि त्यांनी प्रयोगानंतर लेखी अभिप्राय द्यायचा, ही अट असायची. टाळ्या वाजवून घरी जायची सोय नाही! असे प्रेक्षक मिळाले तर प्रयोगातच शिकणं होतं. आणि प्रयोग एकच नको. निदान दोन हवेत, मध्ये एक दिवस मोकळा ठेवून. पहिल्यात जे कळलं ते दुसऱ्यात करून बघता आलं पाहिजे.

अर्धा_पडदा

दोन प्रयोग आणि मध्ये मोकळा दिवस असेल तर माझा विरोध निम्मा होतो. उरलेला निम्मा कायम आहे: चौथ्या आठवड्यात खेळ बंद होता कामा नयेत. संध्याकाळी कितीही तालीम असली तरी सकाळचं सत्र शेवटच्या दिवसापर्यंत चालू राहिलं पाहिजे.

मोकळा_श्वास

सकाळचं सत्र शेवटच्या दिवसापर्यंत. याला माझं पूर्ण अनुमोदन.

ऋता

थोडा वेगळा प्रश्न. माझा मुलगा याच वयाचा आहे. अशाच एका वर्गात त्याला डोळे मिटून आयुष्यातला सर्वांत दुःखाचा प्रसंग आठवायला आणि सगळ्यांसमोर तो पुन्हा जगायला सांगितलं. घरी आला तो दोन दिवस बोलेना. अभिनयासाठी हे गरजेचं असतं का? मला नाटकातलं काही कळत नाही, म्हणून विचारतेय.

विंगेतून

ऋताताई, नाही. गरजेचं नसतं. यामागचा इतिहास सांगतो, म्हणजे पुढे कोणी 'हीच खरी पद्धत' म्हणून ऐकवलं तर उत्तर देता येईल.

स्तानिस्लावस्कींनी सुरुवातीच्या काळात भावस्मृतीवर, म्हणजे स्वतःच्या जुन्या भावना आठवून त्या भूमिकेत आणण्यावर, काम केलं, हे खरं. ग्रुप थिएटरमध्ये ली स्ट्रासबर्ग यांनी त्याच भागावर सगळा भर दिला. त्याच मंडळीतली स्टेला अ‍ॅडलर १९३४ साली पॅरिसमध्ये स्तानिस्लावस्कींना प्रत्यक्ष भेटली, त्यांच्याबरोबर काही आठवडे काम केलं, आणि त्याच उन्हाळ्यात परत येऊन तिने सहकाऱ्यांना सांगितलं की आपला भर चुकीच्या जागी आहे. नाटकाने दिलेली परिस्थिती, त्या परिस्थितीत पात्राला काय हवंय, ते मिळवायला ते काय करतं आणि या सगळ्यात नटाची कल्पनाशक्ती, यांवर काम करायचं. स्तानिस्लावस्की स्वतः अखेरच्या वर्षांत शारीरिक क्रियांपासून सुरुवात करायला शिकवत होते. त्याच मंडळीतल्या सॅनफर्ड माइसनरने पुढे तिसरीच वाट काढली: सगळं लक्ष समोरच्या नटावर ठेवायचं, त्याच्याकडून जे येतं त्याला उत्तर द्यायचं. म्हणजे एकाच खोलीतल्या तीन मोठ्या शिक्षकांचं यावर एकमत नव्हतं.

माझ्या वर्गात खासगी दुःख उकरायला लावणारा व्यायाम होत नाही. काही आठवड्यांची ओळख, कोवळं वय आणि मन सांभाळायचं प्रशिक्षण नसलेला शिक्षक, या तिन्ही गोष्टी एकत्र असताना ते करणं मला गैर वाटतं. 'तुझी आई गेली तेव्हा काय वाटलं ते आठव' याऐवजी 'या पात्राला हे पत्र कोणाच्या हाती लागू द्यायचं नाहीये, दार वाजलंय, काय करशील?' असं विचारलं की मुलं कामाला लागतात. पत्र लपवताना हात थरथरतात, आणि ते थरथरणं प्रेक्षकाला दिसतं.

मुलाला सांगा की 'मी हा व्यायाम करणार नाही' असं म्हणायचा त्याला पूर्ण हक्क आहे. चांगल्या वर्गात हे पहिल्या दिवशीच सांगतात. स्पर्श, मारामारी, जवळीक असलेले प्रवेश हाताळतानाही आधी विचारायचं, मग हालचाली ठरवायच्या आणि ठरल्यात तेवढ्याच करायच्या.

ऋता

खूप आभार. त्याला हे वाचायला देते.

प्रॉम्प्टर

मारामारीबद्दल विंगेतून यांनी लिहिलं त्याला जोड: थप्पड कधीही ऐनवेळी 'खरी' मारायची नाही. थप्पड 'खाणारा' नट वेग ठरवतो, मारणारा नाही. प्रतिक्रिया त्याची असते, त्यामुळे खेळही त्याच्याच हातात.

शाल्मली

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, त्याबद्दल धन्यवाद. विभागात जाऊन चौकशी केली. छोटे प्रवेशच बसवतात, प्रत्येकाला भूमिका असते आणि प्रयोग तीन असतात. सकाळचं सत्र शेवटपर्यंत चालतं. करवत चालवायला सुरुवातीचे दिवस फक्त तिथले तंत्रज्ञ, मग त्यांच्या देखरेखीखाली मुलं. मी अर्ज भरतेय आणि दुपारसाठी रंगमंच व्यवस्थापन मागितलंय.

आता निवडचाचणी. दीड-दोन मिनिटांची दोन स्वगतं मागितली आहेत, एकमेकांपेक्षा वेगळी. एक गंभीर, एक विनोदी असंच घ्यावं का? आणि खूप गाजलेलं स्वगत घेतलं तर चालेल?

तिसरी_घंटा

गाजलेलं टाळ. परीक्षकांच्या कानात त्या भूमिकेतले मोठे नट बसलेले असतात, आणि तुझ्याही. नकळत नक्कल होते.

अर्धा_पडदा

गंभीर-विनोदी हा एक फरक झाला. त्यापेक्षा बघ की दोन्हीकडे पात्र काय करतंय ते वेगळं आहे का. एकात समोरच्याला थांबवायचंय, दुसऱ्यात त्याच्यापासून काहीतरी लपवायचंय. तुझ्या वयाच्या जवळची पात्रं निवड. आणि नुसती आठवण सांगणारं स्वगत नको. त्यात समोर कोणीतरी हवं, ज्याच्याकडून पात्राला आत्ता, या मिनिटाला काहीतरी हवंय. ते 'कोणीतरी' परीक्षकांच्या डोक्याच्या थोडं वर, मागच्या भिंतीवर ठेव. परीक्षकांच्या डोळ्यांत बघून बोललीस तर त्यांना लिहिता येत नाही.

संपूर्ण नाटक वाचून जा. 'याच्या आधीच्या प्रवेशात काय घडलं?' हा प्रश्न हमखास येतो.

मोकळा_श्वास

वेळ मोजताना घरी सावकाश म्हणून बघ. दोन मिनिटांचं हवं असेल तर पावणेदोन मिनिटांत संपेल असं काप. तिथे थांबे लांबतात. आणि पहिल्या वाक्याआधी एक पूर्ण श्वास घ्यायला कोणाचीही परवानगी लागत नाही.

प्रॉम्प्टर

व्यवस्थापन मागितलंस, फार आनंद झाला! निवड झाली की सामानात एवढं ठेव: अंग मोकळं हलेल असे कपडे, बंद बूट (नेपथ्याच्या जागेत चपला चालत नाहीत), लहान विजेरी आणि खोडरबर लावलेल्या पेन्सिली. हालचाली पहिल्या आठवड्यात ठरतात आणि नंतर बदलत राहतात. पेनाने लिहिलेलं पान तिसऱ्या बदलानंतर वाचता येत नाही.

शाल्मली

आज संध्याकाळी अर्ज देतेय. निवड झाली की त्याच आठवड्यात इथे कळवते आणि व्यवस्थापकाच्या वहीबद्दल प्रॉम्प्टरदादांना आणखी विचारते. विशेषतः एकाच शब्दावर दिवा आणि आवाज दोन्ही असतील तर क्यू कसा लिहायचा, ते.

प्रॉम्प्टर

एकाच 'गो' मध्ये दोन्ही. समासात दोन्ही क्यू एकाखाली एक लिही, महिरपी कंसात बांध आणि शब्दाकडे एकच रेघ ओढ. 'स्टँडबाय' मात्र दोघांना वेगवेगळा दे आणि दोघांचं उत्तर आल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.